भिंत वाळेपर्यंत

आई, तुझ्या दवाखान्यात यंदा पाणी शिरलं. मालक डॉक्टर होते आणि तू बायकांच्या वॉर्डाची सिस्टर होतीस, पण वळसंगला सगळे 'तिचा दवाखाना' असंच म्हणायचे, म्हणून माझ्याही तोंडात तेच बसलं. कुंभारीच्या रस्त्याला मागच्या अंगानं जो ओढा होता, त्यात तुझ्या वेळी बाभळी आणि फाटक्या पिशव्या असायच्या. पाणी मी तरी कधी पाहिलं नव्हतं. यंदा पावसाळ्याच्या शेवटी वरचे तलाव भरले, ओढा फुगला आणि मागची कंपाउंडची भिंत ढकलून पाणी सरळ तळमजल्यावर आलं, कमरेइतकं. माणसं सगळी सुखरूप राहिली. हे आधी सांगते, कारण तू पहिल्यांदा तेच विचारलं असतंस. बायकांना एकमेकींचे हात धरायला लावून वर नेलं, पुरुषांना एका हॉलमध्ये दाटीनं बसवलं आणि ज्यांचे नातेवाईक पोचू शकले ते आपापलं माणूस घेऊन गेले. खाली राहिल्या त्या लोखंडी खाटा, आणि पाणी उतरल्यावर खाटांच्या पायांपाशी साचलेला काळा गाळ.

मला हे धाकट्या डॉक्टरांच्या फोनवरून कळलं. धाकटे म्हणजे मोठ्या डॉक्टरांचा मुलगा. तू होतीस तेव्हा तो शिकत होता आणि सुट्टीत आला की तुझ्याकडे शेंगाचटणी मागायचा. आता दवाखाना तोच चालवतो. "तुम्ही सिस्टरांची मुलगी ना? इलेक्ट्रिकलचं करता असं कळलं." मी हो म्हटलं. तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. मी पदवी केली, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि परत सोलापूरला आले. इमारतींची वायरिंग तपासते आणि ती वापरायला सुरक्षित आहे की नाही ते लिहून देते. लोकांना वाटतं मी दिवे लावते. खरं तर माझं निम्मं काम लोकांना दिवे लावू न देण्याचं आहे.

मी गेले तेव्हा दवाखाना बंद होता, असं म्हणता येणार नाही. आवारात लिंबाखाली मांडव घातला होता आणि तिथे ओपीडी चालली होती. पाणी उतरल्यावर पहिली रांग लागली ती मनाच्या आजारावरच्या गोळ्यांसाठी. नदीकाठच्या गावांतून माणसं आली होती. घरातल्या धान्याबरोबर गोळ्याही वाहून गेल्या होत्या, आणि गोळी चुकली की काय होतं हे त्यांच्या घरच्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत. एक म्हातारा गुरं गेल्यापासून झोपत नव्हता. त्याची सून डॉक्टरांना सांगत होती, "पावसाचा आवाज आला की उठून बसत्यात आन् दावं शोधत्यात." धाकटे डॉक्टर पायात गमबूट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप घालून तिचं ऐकत होते. घाई करत नव्हते. हे त्यांनी कुणाकडून उचललं असेल, असा विचार माझ्या मनात आला आणि मी पुढे चालू लागले, कारण मला आत जायचं होतं.

बायकांच्या वॉर्डाचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. तरी मी उंबऱ्याशी थांबले. शाळा सुटल्यावर मी तुझ्याकडे यायचे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून कडक भाकरी आणि आमटी खायचे आणि तुझी ड्युटी संपायची वाट बघायचे. एकदा तुला शोधत मी कोपऱ्यातल्या खोलीचं दार ढकलून आत शिरले. आत एक बाई केस मोकळे सोडून बसली होती. ती दचकली, मीही दचकले. तू मागून आलीस, माझा दंड धरून मला बाहेर काढलंस आणि व्हरांड्यात खाली वाकून म्हणालीस, "तू कुणाच्या घरात अशी शिरतीस का? मग हितं का शिरलीस?" मी म्हटलं, दार तर बाहेरूनच लावतात, विचारायचं कशाला. तू म्हणालीस, "म्हणूनच विचारायचं." मग तू मला पुन्हा त्या दाराशी नेलंस. दारावर टिचकी मारलीस, "येऊ का?" म्हणालीस आणि उत्तर येईपर्यंत उभी राहिलीस. बराच वेळ उत्तर आलं नाही. माझे पाय दुखायला लागले. शेवटी आतून "या" असं आलं. तुझ्या हातात कुलपाची किल्ली होती आणि तरीही तू थांबली होतीस. हे मला तेव्हा चमत्कारिक वाटलं होतं. आता मी दुसऱ्याच्या इमारतीत पाऊल टाकण्याआधी विचारते. लोक समजतात ती माझी व्यावसायिक शिस्त आहे.

आता आक्कांचं सांगते. त्यांच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे. विणकर घरातल्या आक्का, ज्यांच्याशी तू तेलुगूत बोलायचीस असं तुला वाटायचं. तुला तेलुगूत "तिन्नावा?" आणि कानडीत "ऊटा आयता?" एवढंच येत होतं. जेवलीस का, हे विचारायला जेवढं लागतं तेवढ्या सगळ्या भाषा तुला येत होत्या. आक्का अजून आहेत. खूप थकल्या आहेत, पण खिडकीजवळची तीच खाट, तीच सवय. पुरात त्यांचा भाचा टेम्पो घेऊन आला आणि त्यांना घरी घेऊन गेला. भाचा चांगला आहे, त्याची बायकोही. पुढच्या खोलीत माग चालतात, मागे ही चार माणसं राहतात आणि आक्कांना त्यांनी कॉट दिली, स्वतः खाली झोपले. मांडवात तो मला भेटला, आक्कांच्या डोक्याच्या गोळ्या न्यायला आला होता. म्हणाला, "म्याडम, आत्याला काय कमी न्हाई बघा. पण दिवसभर पिशवी घेऊन दारात उभी राहती. माज्या खाटेवर सोडा, म्हनती. वॉर्ड कवा सुरू होतो तेवढं सांगा की." मी म्हटलं, अजून तपासलं नाही. त्यानं मान हलवली. जाताना म्हणाला, "रस्त्यावर गेली दोनदा. कुंभारीकडं तोंड करून चालली होती."

वायरिंग सगळी नवी टाकली होती. हे काम दवाखान्याच्या नेहमीच्या वायरमननं केलं होतं आणि चांगलं केलं होतं. पण भिंतीत करंट गळायला लागला की आपोआप पडणारा जो स्विच असतो, तो रोज सकाळी पडत होता. मी मेगर लावला. तारेभोवतीचं आवरण, जोड, डबे, सगळं किती कोरडं आणि धड आहे ते हे यंत्र एका आकड्यात सांगतं. वॉर्डातला आकडा इतका खाली होता की मी आधी माझं यंत्रच तपासलं. दुसरी कुठली इमारत असती तर यावर सोपा उपाय होता. भिंतीवरून पट्टी फिटिंग करायची आणि ओली भिंत विसरून जायची. इथे ते चालत नाही. हाताला येईल, उपटता येईल, दोरीसारखं वापरता येईल असं काहीही वॉर्डात ठेवायचं नाही, हा तुमचा नियम मला तुझ्याकडूनच माहीत होता. तार भिंतीच्या पोटातच राहायला हवी होती आणि पोट ओलं होतं.

धाकट्या डॉक्टरांनी दिवाळीच्या पाडव्याला वॉर्ड सुरू करायची पूजा ठरवली होती. मी आकडे सांगितले. ते म्हणाले, "वॉर्ड सुरू केला तर दिवे लागतील ना?"

"लागतील."

"मग सही करा. राहिलेलं वाळत राहील हळूहळू."

"इथल्या बायका भिंतीला टेकून बसतात," मी म्हटलं. "दिवसभर. मी सही करणार नाही."

 मग त्यांनी जे सांगितलं ते ठरवूनच आले होते असं वाटलं. खाली ओपीडी आणि औषधाचं दुकान करायचं. तिथे पट्टी फिटिंग चालेल, कारण तिथे कुणी एकटं राहत नाही. आठ-पंधरा दिवसांसाठी येणारे पेशंट आणि व्यसनमुक्तीचे लोक वर ठेवायचे. वर्षानुवर्षं राहणाऱ्या बायकांचा वॉर्ड बंद. "ज्यांना घर आहे त्या घरी जातील. बाकीच्यांची दुसरीकडे सोय बघू."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

"लांब पडेल," ते म्हणाले, आणि हातातल्या किल्ल्यांकडे बघत राहिले. "मी तरी किती दिवस थांबू, मॅडम? वरच्या हॉलमध्ये माणसावर माणूस झोपतंय."

ते चुकीचं बोलत नव्हते, आई. मला त्यांचा राग आला नाही आणि तसा तो आला असता तर बरं झालं असतं. माझ्या एका आकड्यावर वॉर्ड बंद होणार होता आणि तो आकडा मी बदलू शकत नव्हते. मी फक्त म्हटलं, मला एकदा प्रत्येक खोली वेगळी तपासू द्या. त्यांनी दिली.

प्रत्येक खोलीची तार वेगळी सोडवून मोजायला सकाळपासून दुपार झाली. सगळीकडे तेच. फक्त चादरी ठेवायच्या खोलीत आकडा चांगला आला. इतका चांगला की मी पुन्हा मोजला. त्या खोलीत पाणी तेवढंच शिरलं होतं, तार तीच, वायरमन तोच, आणि उलट ती उत्तरेला, उन्हाचं तोंड न बघणारी खोली. मी भिंतीला तळहात लावला. कोरडी, खरखरीत, हाताला पांढरा चुना लागला. मग शेजारच्या वॉर्डात येऊन तिथे हात लावला. गार, गुळगुळीत. हिरवा ऑइलपेंट, डोक्याच्या उंचीपर्यंत, नवाकोरा. मी नखानं दाबलं तर रंगाखाली फुगवटा सरकला, दुधावरच्या सायीखाली दूध हलावं तसा.

"हा रंग कधी लावला?" मी मावशींना विचारलं. या मावशी अक्कलकोटकडच्या, तू गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी लागल्या.

"गाळ काढला, फिनाईलनं धुतलं आन् लगेच लावला की. दर दसऱ्याला लावतोच. यंदा पानी आलं म्हनून का सोडायचा? पूजेला वॉर्ड नीट दिसाया नको?"

"चादरींच्या खोलीत नाही लावला?"

"तितं कोण राहतंय?"

म्हणजे ओली भिंत त्यांनी रंगाच्या कातड्यात गुंडाळून ठेवली होती. पाण्याला बाहेर यायला वाट नव्हती. बाहेर मोठे डॉक्टर लिंबाखाली खुर्चीत बसले होते. आता ते पेशंट बघत नाहीत, नुसते येऊन बसतात. मी त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुझी आई असती तर रंगाऱ्याला फाटकातूनच हाकलला असता."

"नसता हाकलला," मी म्हटलं. "दर दसऱ्याला तीच उभी राहून लावून घ्यायची."

ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. "खरंय. तीच भांडली होती माझ्याशी. चुना बायकांच्या लुगड्यांना लागतो, म्हणायची. भेटायला आलेल्या माणसांना त्या मळकट दिसतात."

ही पद्धत तूच पाडली होतीस. मला ती पूर्ण आठवते. चुना पाठीला लागतो, काहीजणी तो खरवडून खातात, म्हणून तू ऑइलपेंट मागून घेतलास. मग काहीजणी तोही खरवडू लागल्या. आक्का सगळ्यांत पुढे. खिडकीजवळच्या भिंतीवर त्यांनी वर्षभर नखानं उकरून ताटाएवढा डाग करायचा आणि तू दसऱ्याला तो बुजवायचा, असं तुमचं चाललं होतं. रविवारी सकाळी तू त्यांना मागच्या पायरीवर उन्हात बसवायचीस, हात मांडीवर घ्यायचीस आणि नखं कापायचीस. "भिंतीनं तुजं काय खाल्लंय, आक्का?" आक्का म्हणायच्या, "आत बघायचंय." तू म्हणायचीस, "आत इटा हायत." मग दोघी हसायचात. मी पायरीच्या खालच्या बाजूला गृहपाठ करत बसलेली असायचे आणि माझी नखं तू कधी अशी कापत नाहीस, असं मला वाटायचं, एकदा म्हणूनही दाखवलं. मला ती स्वतःची स्वतः कापता येत होती, हे तुझं उत्तर बरोबर होतं.

धाकट्या डॉक्टरांना मी सांगितलं की रंग पूर्ण काढा, पंखे लावा, दारं-खिडक्या उघडी ठेवा आणि मला पाडव्यानंतर मोजू द्या. पूजेचं त्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं. "वाळेल?" ते म्हणाले. मी म्हटलं, "चादरींची खोली वाळली. हीसुद्धा वाळायला हवी. खात्री मोजल्यावर देईन." त्यांना खात्री हवी होती. मला ती देता आली नाही. तरी त्यांनी पूजा पुढे ढकलली.

रंगारी यायला तयार नव्हते, सगळ्या गावाला तेव्हा रंगारी हवे होते. मावशींनी स्वयंपाकघरातली उलथनी आणली. धार नसलेली, म्हणून धाकट्या डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. वरच्या हॉलमधल्या ज्या बायकांना खाली यायचं होतं त्या आल्या. आयुष्यभर ज्यांना "भिंत उकरू नका" असं ऐकवलं होतं, त्यांना आता उकरा म्हटल्यावर आधी कुणी हात लावेना. एकीनं मावशींना विचारलं, "मग जेवाय देनार न्हाई न्हवं?" मावशी म्हणाल्या, "उलट दोन घास जास्त देते, चल." मग रंग निघायला लागला. फुगलेला होता, पापडासारखे मोठे तुकडे सुटत होते, आणि मोठा तुकडा सुटला की ती बाई तो धरून इतरांना दाखवत होती.

भाचा त्याच दुपारी आक्कांना घेऊन आला, नुसतं दाखवायला. "आत्या, बघ, अजून ओलं हाय. आज राहायचं न्हाई, आं?" आक्कांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पिशवी काखेत धरून त्या खिडकीजवळच्या भिंतीपाशी गेल्या, खाट नव्हती तिथे जमिनीवर बसल्या आणि नखानं सुरू केलं. मावशींनी उलथनं पुढे केलं. आक्कांनी ते घेतलं नाही.

"सिस्टर ओरडतील," त्या म्हणाल्या.

"न्हाय ओरडत. त्यांच्या पोरीनंच सांगितलंय." मावशींनी माझ्याकडे बोट केलं.

आक्कांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, मी हातात धरलेल्या यंत्रासकट. मग मावशींना म्हणाल्या, "हिला जेवाय घाल आधी. काडी झालीया." आणि उलथनं घेऊन कामाला लागल्या. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन पाणी प्यायले. मला जेवायला घातलं गेलं, बाजरीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि मी ती ओट्यावर बसून खाल्ली. मी आता त्या ओट्यावर उडी मारून बसत नाही, पाय जमिनीला टेकतात.

आकडा लगेच वाढला नाही. पाडवा गेला, भाऊबीज गेली. मी येत होते, मोजत होते, परत जात होते. धाकटे डॉक्टर विचारायचे, मी म्हणायचे अजून नाही. मग एकदा सकाळी येऊन मोजलं तर आकडा हलला होता. पुढच्या वेळी अजून. मी घाई केली नाही. सगळ्या खोल्या चादरींच्या खोलीइतक्या झाल्या तेव्हा सही केली आणि खाली लिहिलं, ऑइलपेंट पुढच्या उन्हाळ्याआधी लावू नये. धाकटे डॉक्टर ते वाचून म्हणाले, "मग तोवर बायकांच्या पाठीला चुना लागेल." मी म्हटलं, लागेल.

वॉर्ड सुरू झाला त्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेले, पूजा आटोपल्यावर. आक्कांचा भाचा खाट पुसत होता. आक्का तिथे बसल्या, पिशवीतली दोन लुगडी काढून उशीखाली ठेवली आणि भाच्याला म्हणाल्या, "जा आता. माग बंद पडला असंल." तो गेटपर्यंत गेला, परत येऊन त्यांच्या पाया पडला आणि पुन्हा गेला. रागानं गेला की रडत गेला ते मला कळलं नाही. आक्का भिंतीला टेकून बसल्या. पाठीला पांढरा डाग पडला होता आणि तो कुणी पुसला नाही.

तुला हे पत्र मिळणार नाही, हे मला कळतं. दादांना दाखवलं तर बायकोच्या नावाचं पत्र ते वाचून घडी घालून खिशात ठेवतील आणि मग विषय निघणार नाही, म्हणून त्यांनाही दाखवणार नाही. माझ्या टेबलाच्या खणात राहील.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. माझं काम तिथे संपलं आहे. भिंती कोरड्या आहेत, आकडे चांगले आहेत, पुन्हा मोजायची आता काही गरज नाही. तरी मी दर गुरुवारी मेगरची पेटी घेऊन जाते. दारात उभी राहून सांगते की मोजायला आले. धाकटे डॉक्टर हो म्हणतात. मी आक्कांच्या भिंतीला वायर लावते, आकडा बघते आणि मग पेटी मिटून त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर चहा येईपर्यंत बसते. मावशी आता दोन कप आणतात. गेल्या गुरुवारी पेटी उघडायचीच राहिली. घरी आल्यावर लक्षात आलं. कुणी विचारलं नव्हतं.